पाच खुंटे कमी

“मावशीचा गाडा पुढं घ्यायला यादी उडवलीस तू, अमृत्या! सरळ बोल की!”

“आबा, नीट बोला. उडवायचीच असती तर आपनहून देवळात येऊन तुमालाच दाखवली असती व्हय?”

“मग ही कसली भाषा हाय? वाच. पयला नंबर कोनाचा? वाच की मोठ्यानं!”

जत्रा समितीच्या अंबाजी आबांनी लॅपटॉपच्या काचेवर असं बोट आपटलं की अमृतनं तो मागं ओढला. काच आधीच एका कोपऱ्यात तडकलेली.

वाचणार काय, कपाळ? स्क्रीनवर ओळीच्या ओळी भरल्या होत्या, पण मराठीचं एक अक्षर शिल्लक नव्हतं. डोक्यावर तिरकी रेघ मारलेला इंग्रजी ए, त्याच्या शेजारी गोखरूच्या काट्यासारखी गोल खूण, मग आणखी एखादं चिन्ह, परत तो ए, परत गोखरू. एकशे सेहेचाळीस ओळी, सगळ्या अशाच. ओळीच्या सुरुवातीचा नंबर आणि शेवटची वेळ, एवढंच काय ते धड होतं. मधलं नाव, गाव, बैल, सगळं गोखरूंनी खाल्लेलं.

आणि ही यादी साधीसुधी नव्हती. उद्या गावची जत्रा, आणि जत्रेत बैलगाड्यांची शर्यत. घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, एका वेळी एकच गाडा सुटतो. त्या एका धावेला बारी म्हणायचं. कोणाची बारी कितवी, ते चिठ्ठ्या काढून ठरतं. सकाळी घाट थंड असतो, बैल ताजे असतात. दुपारी दोनला एप्रिलच्या उन्हात तेच बैल जिभा बाहेर काढतात. त्यामुळं नंबरापायी माणसं सख्ख्या भावाशी बोलणं टाकतात.

म्हणून कामशेतहून पवनेकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या या गावानं आपली एक रीत पाडली होती. चिठ्ठ्या भैरोबाच्या दारात काढायच्या. काढताना सगळ्यांचे मोबाईल टोपलीत. नाव एकदा पुकारायचं, लिहून घ्यायचं, आणि चिठ्ठी लगेच समोरच्या धुनीत टाकायची. देवाच्या दारात निघालेला नंबर परत काढायचा नाही आणि चिठ्ठी मागं ठेवायची नाही, म्हणजे उद्या कोणी खोटी चिठ्ठी घेऊन उभं राहायला नको.

गेल्या वर्षीपर्यंत आबा वहीत लिहायचे. गेल्या वर्षी वहीत दोन नावांवर खाडाखोड सापडली आणि घाटातच चाबकाच्या दांड्यांनी मारामारी झाली. तेव्हा अमृतच छाती पुढं काढून म्हणाला होता, “कम्प्युटरात खाडाखोड होत न्हाई, आबा. औंदा मी लिहितो.”

काल संध्याकाळी त्यानं लिहिली. एकशे सेहेचाळीस चिठ्ठ्या धुनीत जळून राख झाल्या. आज पाच वाजता ती यादी भोंग्यावर वाचायची होती. आणि आता सकाळचे अकरा वाजले होते.

“हे बघा मामा, माझ्याकडे कॉपी आहे,” श्रीयश म्हणाला. श्रीयश आबांचा भाचा. तळेगावला राहतो, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, कम्प्युटरच घेतलाय. जत्रेला आजोळी आला होता. “काल याने चिठ्ठ्या संपल्या संपल्या मला पेन ड्राइव्हवर दिली होती. प्रिंट काढायला.”

आबांचा चेहरा उजळला. अमृतचाही. श्रीयशनं त्याचा पातळ, चकचकीत लॅपटॉप उघडला, आणि यादी आली. छान खाने पाडलेली, रेघा मारलेली. प्रत्येक खान्यात प्रश्नचिन्हं. एकाशेजारी एक, शिस्तीत.

“हे काय?” अमृत म्हणाला.

“अरे, मी शीटमध्ये घेऊन नीट केली. त्याच फाईलवर सेव्ह करताना काहीतरी वॉर्निंग आली होती. ओके दाबलं.”

“वाचली व्हती का वॉर्निंग?”

“वॉर्निंग कोण वाचतं?”

“इंजेनेर!” अमृतनं असे हात जोडले की श्रीयशचे कान लाल झाले.

आबा मात्र दोन्ही स्क्रीन आळीपाळीनं बघत होते. “पोरा, ह्याचं निदान स्वच्छ तरी हाय. तुझ्यासारका उकिरडा न्हाई. ह्याच्यावरनंच काय तरी काडा.”

“आबा, ह्या स्वच्छ यादीतनं काईच निघनार न्हाई. ती मेली. माझी आजारी हाय, पन जित्ती हाय.”

“कशावरनं?”

अमृतनं इकडंतिकडं बघितलं. आबांचं तांदळाचं दुकान कामशेतच्या बाजारात, तेव्हा त्यांना कळेल अशी भाषा एकच होती. “इंद्रायणीच्या पोत्यावर गड्यानं चुकून कोलमची चिठ्ठी लावली, तर आतला तांदूळ बदलतो का?”

“न्हाई.”

“माझ्या यादीचं तसं झालंय. मशीन अक्षरं नंबरात ठेवतं. नंबर आत हायेत, निसती वरची चिठ्ठी चुकली, म्हनून मराठीच्या जागी हे गोखरू दिसत्यात. आन ह्याच्या पोत्यातला तांदूळ उंदरांनी खाल्लाय. किती दाणे व्हते तेवढं मोजून टरफलं ठिवलीत. बघा, हितून तितून सगळी सारखीच. माझ्यात बघा, परतेक ओळ येगळी.”

आबांनी बघितलं. खरंच, एकात नुसती प्रश्नचिन्हं, दुसऱ्यात कुठं ए, कुठं गोखरू, कुठं दोन आडव्या रेघा मारलेला वाय. पण पटलं तसं दाखवणं आबांच्या स्वभावात नव्हतं.

“मला त्ये काय समजत न्हाई. मानसं यायला लागतील. परत चिठ्ठ्या टाकू. भैरोबाला नारळ फोडून माफी मागू.”

“आन कालचे नंबर?”

“कोनाला ध्यानात हायेत? विचाराय गेलं तर पयल्या इसात साठ जन निगतील!”

“तुमाला तुमचा ध्यानात असंल की,” अमृत बोलून गेला. त्याच्या जिभेला लगाम कधीच नव्हता. “एकशे बेचाळीस. म्हनून परत टाकायची घाई!”

कोपऱ्यात तोरणाला आंब्याची पानं लावत बसलेल्या बायांचे हात थांबले. आबांचा हात वर गेला, हवेतच राहिला, मग हळूच खाली आला.

“चार वाजेपत्तोर,” आबा दात आवळून म्हणाले. “चारच्या ठोक्याला खरी यादी दाकव. न्हाई तर नव्या चिठ्ठ्या, आन तुझं त्वांड परत या देवळात नगं. तुझी मावशी तिसरी निगाली म्हनत्यात. तिसरी का तेरावी, देवाला ठावं. पन तू हातानं तिचं नाव तितं लिवलंस आसं कोन बी म्हनंल, आन मी त्याला गप बस म्हननार न्हाई.”

ते गेले. अमृतचे कान तापले होते. खरं तर चूक कुठं झाली ते त्याला सकाळीच कळलं होतं, आणि राग त्याचाच जास्त होता. काल चिठ्ठ्या संपल्यावर त्यानं प्रत्येक बारीची अंदाजे वेळ यादीत भरायला चार ओळींची कमांड लिहिली. फाईल वाच, वेळ जोड, फाईल लिही. कोणत्या कोडात वाच ते सांगितलंच नाही. मशीननं त्याच्या मनानं ती इंग्रजी समजून, इंग्रजी अक्षरांच्या बारा-बावन्न नावाच्या जुन्या तक्त्यानं वाचली, आणि लिहिताना मात्र मराठी चालणाऱ्या नव्या कोडात लिहिली. वाचलं एका भाषेत, लिहिलं दुसऱ्या. आणि वर कहर म्हणजे लिहिलं त्याच नावाच्या फाईलवर. जुनी पुसली गेली. न बघताच त्यानं तीच आबांच्याही पेन ड्राइव्हवर टाकली आणि मांडवात जेवायला पळाला.

शाळाही त्यानं अशीच सोडली होती. दहावीच्या सहामाहीला सरांशी वाजलं, दप्तर बाकावर टाकून जो बाहेर पडला तो परत गेला नाही. मग दोन सीझन लोणावळ्याला चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंग करून हा जुना लॅपटॉप घेतला, आणि व्हिडिओ बघून बघून काळ्या स्क्रीनवर कमांडी मारायला शिकला. रागानं सोडलेल्या गोष्टी परत मिळत नाहीत, हे त्याला पक्कं माहीत होतं. ही सोडायची नव्हती.

त्यानं पहिलं काम केलं ते बिघडलेल्या यादीच्या दोन कॉपी काढण्याचं. एकीला नाव दिलं ‘हात-लावू-नको’, आणि तिच्यावर लिहिता येणार नाही असं कुलूप घातलं.

बाराच्या सुमाराला लाईट गेली. गुरुवार होता, जाणारच होती. त्याच्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली, वायर काढली की खेळ खलास. स्क्रीन काळी झाली. देवळामागं मांडववाल्या आकाशचा जनरेटर भोंग्यासाठी धडधडत होता. अमृत लॅपटॉप उचलून तिकडं गेला.

“आक्या, एक पिन दे.”

“भोंगा बंद पडला तर आबा मला खाईल.”

“यादी न्हाई मिळाली तर भोंग्यावर काय वाचनार, तुझं नाव?”

आकाशनं पिन दिली. श्रीयशही मागोमाग आला, जरा लाजून. दोघं डिझेलच्या वासात, पालथ्या घातलेल्या पातेल्यावर लॅपटॉप ठेवून बसले.

“उलटं करायचं,” श्रीयश म्हणाला. “नव्या कोडातून बारा-बावन्नमध्ये नेलं की मूळ नंबर परत मिळतील. ते मराठी म्हणून वाचायचे. झालं.”

“सोपं हाय म्हंजी.”

सोपं नव्हतं. अमृतनं पायथन या कम्प्युटरच्या भाषेत तीन ओळी लिहिल्या, चालवल्या, आणि मशीन पहिल्याच ओळीत अडलं. एक खूण बारा-बावन्नच्या तक्त्यात बसत नाही म्हणालं आणि थांबलं. अमृतनं शिवी हासडली आणि सांगितलं, बसत नाही ती सोडून दे, पुढं चल.

मशीन सुसाट गेलं. स्क्रीनवर मराठी उतरली. श्रीयश ओरडलाच, “आली!”

अमृत ओरडला नाही. लांबून चालत येणारा बैल कोणत्या पायानं अधू आहे ते त्याला रस्त्यावरून कळायचं, तशीच त्याची नजर आत्ता ओळींवरून फिरत होती. गंगाधर, कामशेत, ठीक. अंबाजी, ठीक. पण कुसगावचं कसगाव झालं होतं. एकनाथचा कनाथ. जोडाक्षरं सगळीच सुटी पडली होती. झुंजार नावाच्या बैलाचं नुसतं ‘ंजार’ उरलं होतं, शेपूट धरून ओढल्यासारखं.

“तुजं नाव असतं तर शरीयश झालं असतं,” तो म्हणाला.

“मग काय? कळतंय की सगळं. हाताने दुरुस्त करू. एकशे सेहेचाळीस ओळी, तासाभराचं काम. कोण बघतंय?”

“मी बघतोय.”

“अमृत, वेडा आहेस का? दीड वाजलाय.”

“हातानं एक काना जरी मी टाकला ना, तर आबा म्हनत्यात ते खरं झालं. मग तिसरा नंबर बी मी टाकला आन एकशे बेचाळिसावा बी मीच टाकला. यादी जशी निघाली तशी मशीनमधनं निघंल. न्हाई तर न्हाई.”

तेवढ्यात मागून आवाज आला, “आन न्हाई निघाली तर?”

बयाबाई मावशी होती. भाजे गावाहून आली होती, हातात फडक्यात बांधलेली भाकरी. मावशीचा नवरा सहा वर्षांपूर्वी वारला. दावणीला एक वासरू तेवढं मागं राहिलं. ते तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलं, तोच तिचा पाखऱ्या. जोडीला तांबडा घेतला. मागच्या दोन जत्रांत बाईमाणसाचा गाडा म्हणून पोरं शिट्ट्या मारायची, आणि दोन्ही वेळा तिची बारी दुपारच्या रणरणत्या उन्हात आली होती. काल पहिल्यांदा देवानं सकाळची दिली.

“माज्या कानावर आलंय समदं,” ती खाली बसत म्हणाली. “येक काम कर. माजं नाव शेवटी टाक. आबाच्या बी मागं. म्हंजी कोन काय बोलायचं न्हाई.”

“मावशी, भाकरी ठिव आन जा.”

“आरं, तुला चोर म्हनलं तर मला खपंल व्हय? माजे बैल काय, दुपारी बी पळतील.”

“पळतील की! पन त्येंनी सकाळी पळायचं ठरलंय. मी तुला पुढं बी घालनार न्हाई, मागं बी घालनार न्हाई. जितं निघालीस तितं ऱ्हाशील. जा म्हनलं ना!”

मावशीनं त्याच्याकडं नीट बघितलं. पाखऱ्या चाऱ्याला तोंड लावत नाही तेव्हा बघते तसं. मग भाकरी श्रीयशच्या हातात दिली. “ह्येला खायला घाल. उपाशी आसला की लय भुकतो.” आणि गेली.

अमृतनं भाकरीचा तुकडा तोंडात कोंबला आणि डोकं खाजवलं. मशीन कोणत्या खुणांवर अडतंय ते बघायचं होतं. पण माहीत नसलेल्या यादीत बघून काय कळणार? माहीत असलेलं काहीतरी घेऊन आधी मोडायला पाहिजे.

त्यानं नवी फाईल उघडली. एकच नाव लिहिलं, मुक्ताबाई. त्याच्या आईचं. मग कालचीच, त्याला मातीत घालणारी कमांड, वेळ जोडायची ओळ गाळून, तिच्यावर चालवली. आईचं नाव डोळ्यांदेखत गोखरू झालं.

“हे काय करतोयस? चांगलं नाव बिघडवतोयस?”

“बिघाड कसा हुतो ते बघतोय. काल बघितलं असतं तर आज हितं बसलो नसतो.”

मग एकेक खूण सोडवत गेला. मराठीचं एक अक्षर म्हणजे तीन नंबर. पहिले दोन कायम ठरलेले, तो ए आणि तो गोखरू, नाही तर ए आणि वाय. तिसरा बदलतो. मुक्ताबाईत दोन ठिकाणी तिसरा नंबर दिसतच नव्हता. आहे, पण दिसत नाही. स्क्रीनवर जागा सुद्धा नाही. त्यानं तो नंबर उघडा करून बघितला आणि बॉलपेननं तळहातावर लिहिला. मग झुंजार बिघडवला, मग एकनाथ, ऐश्वर्या. तळहातावर पाच नंबर जमले. आणखी तीस नावं बिघडवली, दिसतील ती, सुचतील ती. सहावा नंबर काही आला नाही.

“श्री, त्या बारा-बावन्नचा पुरा तक्ता काढ.”

श्रीयशनं मोबाईलवर तक्ता काढला. दोनशे छप्पन्न खाने. अमृतनं तळहात शेजारी धरला आणि बोट फिरवत गेला. पाच खाने रिकामे होते. तेच पाच. हातावर लिहिलेले.

तो असा हसला की आकाशनं जनरेटरमागून डोकं काढून बघितलं.

“आरं, ही दावण हाय!” अमृत म्हणाला. “दोनशे छप्पन्न बैल आन दोनशे एक्कावन्न खुंटे. पाच खुंटे कमी. काल माझी कमांड जेव्हा गोठ्यात शिरली, तेव्हा तिनं हे पाच बैल हाकलले न्हाईत. खुंटा न्हाई म्हनून मोकळेच हुबे केले, जसे व्हते तसे. आज मी परत न्यायला आलो तर परतेकाला खुंटा विचारतोय. खुंटा न्हाई, तर तू आमचा न्हाई. आन मीच म्हनलं सोडून दे!”

श्रीयशनं तक्ता बघितला, हात बघितला. “म्हणजे या पाचांना तक्त्यातून न्यायचंच नाही. जसे आहेत तसे पुढे सोडायचे.”

“आत्ता बोललास इंजेनेरासारखा.”

चार ओळी आणखी लागल्या. प्रत्येक खूण तक्त्यात बघ. सापडली तर तिचा नंबर घे. नाही सापडली तर तिचा स्वतःचा नंबर तसाच घे. सगळे नंबर जमले की मराठी म्हणून वाच. आणि या खेपेला अमृतनं दोन्हीकडं कोड लिहिला. वाचताना कोणता, लिहिताना कोणता, ठळक. मशीनला मनानं ठरवायला काही म्हणजे काही ठेवलं नाही. निघणाऱ्या फाईलला नवं नाव दिलं.

आधी आईचं नाव. मुक्ताबाई, उकार जागेवर, क्त जागेवर. मग यादी. त्यानं एंटर दाबलं.

कुसगाव. एकनाथ. झुंजार. एकशे सेहेचाळीस ओळी. एकही खूण अडली नाही, एकही सोडली नाही. अमृतनं वरून तिसरी ओळ वाचली नाही. मुद्दाम. उठला आणि लॅपटॉप काखेत मारला.

चारला दहा कमी होते. लाईट आली होती. देवळात आबा नव्या कागदाच्या चिठ्ठ्या कापत बसले होते, भोवती समितीची चार माणसं आणि पायऱ्यांवर जमलेले गाडामालक.

“आली यादी,” अमृत म्हणाला.

“लिवलीस?”

“काढली.”

“आसं कोन म्हनंल?”

“तुमीच म्हनाल. आबा, काल मी तुमाला पेन ड्राइव्ह दिला व्हता. कुटं हाय?”

आबांनी चंची सोडली. सुपारी, कात, अडकित्ता, आणि त्यात पानाला चिकटलेला पेन ड्राइव्ह. “हितंच हाय. रात्री बी उशाला व्हता. कोनाला हात लावू दिला न्हाई.”

“तेच पायजे. त्यात कालची बिघडलेली यादी हाय. तिला मी शिवलेलो न्हाई. आता बघा. ही माझी नीट केलेली. हिला मी सगळ्यांम्होरं परत बिघडवतो, कालच्याच कमांडीनं, फकस्त येळ परत जोडत न्हाई. मी एक जरी नाव हिकडचं तिकडं केलं असंल, तर ती तुमच्या पेन ड्राइव्हातल्या यादीशी जुळनार न्हाई. जुळली, तर यादी खरी.”

पायऱ्यांवर कुजबुज झाली. आबा डोळे बारीक करून म्हणाले, “त्या आधी येक. माज्या मनातलं नाव बिघडव, आन परत आन. तुला म्हाईत नसलेलं.”

“बोला.”

“झेंड्या. माजा पयला बैल. तुजा बाप बी तवा चड्डीत व्हता.”

अमृतनं लिहिलं, बिघडवलं. गोखरू झाले. आबांना दाखवलं. परत आणलं. झेंड्या. आबा त्या शब्दाकडं जरा जास्तच वेळ बघत राहिले.

“बरं. आता यादी.”

पेन ड्राइव्ह पुसून लावला. नीट केलेली यादी अमृतनं परत बिघडवली आणि दोन्ही फाईली शेजारी शेजारी तपासायची कमांड मारली. स्क्रीनवर एक ओळ आली. फरक नाही.

“कायच न्हाई?” आबांनी विचारलं.

“एका टिंबाचा बी न्हाई, मामा,” श्रीयश म्हणाला. तेवढंच वाक्य, पहिल्यांदाच, गावच्या बोलीत. “मला वाटलं होतं हातानं भरू. यानं भरू दिली नाही. तुम्हाला शंका असली तर याला नाही, मला विचारा. प्रश्नचिन्हांची यादी माझी होती.”

आबांनी कापलेल्या चिठ्ठ्या मुठीत गोळा केल्या, उठले आणि धुनीत टाकल्या. कोऱ्याच होत्या. भुर्रकन जळाल्या. मग चष्मा लावून खाली बसले.

“माजी कितवी?”

“तुमीच वाचा.”

आबांनी ओळी खाली सरकवल्या. खूप खाली. “एकशे बेचाळीस,” ते म्हणाले. “म्हाईत व्हतं मला.”

“मला बी म्हाईत व्हतं. पन सकाळी म्हनलो ते चुकलं, आबा.”

“चुकलं न्हाई. चारचौघांत बोललास त्ये चुकलं.” आबा चष्म्यावरून बघत म्हणाले, आणि त्यांच्या मिशीत काहीतरी हललं. “घाट संध्याकाळी बी थंड असतो म्हना. बघू.”

पाचला भोंगा खरखरला. आबांनी पेन ड्राइव्ह परत चंचीत टाकला, माईक फुंकला आणि सुरुवात केली. पहिला नंबर, कुसगाव. दुसरा नंबर, वराळे. पायऱ्यांवर एकानं उठून काही म्हणायला तोंड उघडलं, आबांनी हात वर केला, तो बसला.

“तीन नंबर. बयाबाई, भाजे. बैल पाखऱ्या आन तांबडा. येळ सकाळी आठ वाजून आठ मिन्टं.”

बायांच्या घोळक्यातून एकच शिट्टी आली, कडक, दोन बोटं तोंडात घालून मारलेली. मावशीचीच होती.

रस्त्यावर टेम्पो हॉर्न मारत होता. भाज्याहून मावशीचे बैल आणायचे, अंधाराच्या आत आणायचे, रात्री त्यांना नव्या जागेची सवय व्हायला पाहिजे. अमृतनं लॅपटॉप श्रीयशच्या मांडीवर ठेवला.

आबांनी माईकवर हात झाकला. “कुटं चालला? बस हितं. कोन उठला, कायी बोलला, तर उत्तर कोन देनार?”

“उत्तर तुमच्या चंचीत हाय, आबा. मला आता निघायला पायजे.”